सव्वीस अंडी, तीन चाव्या

बोरीवली पूर्व
रविवार, १० मार्च २०२४

देवू,

वर आशीर्वाद लिहायचा असतो, ठाऊक आहे मला. लिहिला आणि खोडला. सख्ख्या बहिणीला फोनवर ब्लॉक करणाऱ्याला कसला आशीर्वाद? आधी अनब्लॉक कर, मग बघू. तोवर हे असं पोस्टाने. कांजूरमार्गचा तुझा पत्ता गंधालीकडून काढला. द्यायला तयार नव्हती, म्हणे डॉक्टर असले तरी कासवांची, तुमच्या घरातल्या भांडणांची नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण ते नंतर.

पहिलं म्हणजे हे माफीचं पत्र नाही. तू सव्वीस अंड्यांच्या जिवाशी खेळलास असं मी वनखात्याला लेखी कळवलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा कळवीन. तीस वर्षं मुनसिपाल्टीच्या शाळेत परीक्षेच्या वर्गात उभी राहिलेय मी. कोणाच्या बाहीत चिठ्ठी आहे ते पोराच्या मानेवरून कळायचं मला. त्या दिवशी तुझी मान तशी होती.

तुला सगळं पाठ आहे, तरी लिहिते. लिहिलं की नाकारता येत नाही. गेल्या नोव्हेंबरात मुलुंडच्या तलावाच्या काठावर पोकलेन लागणार होता. तिथली कासवं हलवायची वनखात्याची परवानगी मिळाली, आपल्या तिघांच्या नावावर, तू, मी आणि गंधाली. मऊ पाठीचं कासव, आता फार ठिकाणी दिसत नाही असं, आणि त्याचं घरटं आपल्या हाताला लागलं. तू तेव्हापासूनच फुरंगटलेला. तुझं म्हणणं, अंडी उचलायची नाहीत, तिथेच कुंपण घालू, मी रात्रंदिवस बसतो राखणीला. मी म्हटलं, पोकलेनवाला तुझं कुंपण वाचत बसणार आहे का? उचलली आपण. प्रत्येक अंड्याच्या वरच्या अंगाला मी पेन्सिलने फुली काढली. माझ्या मागच्या खोलीत थर्माकोलच्या दोन पेट्या, ओली वाळू, खालच्या टेबलावर सतरा, वरच्या फळीवर नऊ. गंधालीने आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं, पिल्लू आत वरच्या बाजूला टरफलाला चिकटून वाढतं, अंडं उलटं केलं की ते गुदमरतं. फुली वर ती वरच राहिली पाहिजे, जूनपर्यंत. तू मान डोलावलीस.

आणि अठरा फेब्रुवारीला काय झालं? मी शकूच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले होते. आठला येणार होते, चारलाच आले. आई पुढच्या खोलीत टीव्ही लावून बसलेली, तिची मालिका गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होती. तू मागच्या खोलीच्या दारात उभा. दार सताड उघडं. मी खालच्या पेटीचं झाकण काढलं. सतरापैकी एकावरही फुली दिसेना. सगळी उलटी! वरच्या फळीवरची नऊ मात्र नीट होती. म्हणजे घाईत अर्धंच काम उरकलं.

चाव्या तीन. गंधालीची चावी गंधालीबरोबर नाशिकला. माझी स्वयंपाकघरात कॅलेंडरमागे खिळ्याला, ती कुठे जाणार? राहिली तुझी. मी विचारलं, तू म्हणालास, ‘ताई, मी काही केलं नाही.’ एकदाच. मग मी जरा आवाज चढवला तर म्हणालास, ‘लिही काय लिहायचं ते.’ आणि चावी टेबलावर ठेवून चालायला लागलास. जो निर्दोष असतो तो असा जात नाही रे. तो भांडतो.

गंधाली म्हणते, तुझं नाव परवानगीतून काढलं आणि त्यापायी तुझं भंडाऱ्याचं कामही गेलं. नदीवरच्या कासवांच्या कामाला तुला बोलावणार होते, वीस वर्षं कुरियरच्या ऑफिसात पार्सलं मोजून तू त्याची वाट बघत होतास, ते मला माहीत नाही का? पण त्यांना कोणी कळवलं ते मला ठाऊक नाही. अशा बातम्या फिरतात.

मला फक्त एक सांग. हे त्या एकाच दिवशी झालं की आधीही? मी अंडी परत सुलटी केली, आता कोणती जगलीत कोणती नाही कळायला मार्ग नाही. रोज सकाळी सातला बघते तर फुल्या वर. तरी चैन पडत नाही.

कुंदाताई


बोरीवली
मंगळवार, २ एप्रिल

देवू,

उत्तर नाही. ठीक आहे.

आता ऐक, आणि हे वाचून खूश होऊ नकोस. कोणीतरी अजून त्या खोलीत जातंय.

तू गेल्यापासून मला सवय लागली, रोज सकाळी बघून झालं की खालच्या पेटीच्या फटीवर माझा एक केस थुंकी लावून चिकटवायचा. परीक्षेच्या पेपरांच्या कपाटाला मी असंच करायचे, मुख्याध्यापक हसायचे, पण दोनदा चोर सापडला होता. सोमवारी केस तुटलेला. मंगळवारी तुटलेला. बुधवारी, गुरुवारीही तसाच. फुल्या मात्र सकाळी वरच. म्हणजे येणारा माणूस येतो, काहीतरी करतो, आणि जाताना सगळं होतं तसं लावून जातो. इतका सराईत!

मग मी रांगोळी आणली. शिकवणीला जायच्या आधी, अकराला, खोलीच्या उंबऱ्यावर चाळणीने पातळ थर दिला. पाऊल उमटणार म्हणजे उमटणार. दोनला घरी आले तर उंबरा लख्ख. आई म्हणते, ‘दारात ह्यां कोणी सांडल्यान? झाडून टाकलंय.’ कपाळाला हात लावला मी! गुडघे दुखतात म्हणून पाणी हातात द्यावं लागतं, आणि नेमका पुरावा झाडायला मात्र उठली. बोलले थोडं.

आता हिशोब लाव. अकरा ते दोन मी शिकवणीला, पाच ते सात दुसरी बॅच. याच वेळात कोणीतरी येतं. कोण?

वॉचमन चंद्रप्रकाश मागच्या नळावर दुपारी कपडे धुतो. मी विचारलं, इधर कौन आता है? म्हणाला, ‘कोई नहीं मॅडम, सिर्फ माताजी बैठती हैं.’ आई दुपारी मागे वाऱ्याला बसते, ते मला तो सांगणार! म्हणजे लपवतोय काहीतरी.

चेतना, आपल्या सोसायटीची सेक्रेटरी, तिचा तर त्या खोलीवर डोळाच आहे. खोली सोसायटीची, मला नुसती वापरायला दिलेली. पंपाचं सामान ठेवायला हवी आहे तिला. दोन मिटिंगांत म्हणाली, कुंदाताई, कासवाने वास येतो. अंड्यांना कसला वास? मेली तर येईल वास, आणि मग खोली रिकामी करायला कारण मिळेल. पटतंय का?

आणि गंधाली. नाव घ्यायला जीभ रेटत नाही, पण आजकाल ती येते, टॉर्चने बघते, वहीत लिहिते आणि माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. तुझी बाजू घेते. तिची चावी तिच्याकडेच आहे.

तू तुझी चावी ठेवून गेलास. आधी तिची दुसरी करून घेतली होतीस का? कोणाला दिलीस का? खरं सांग. मी आता रागावणार नाही. मला ती सव्वीस जिवंत बाहेर आलेली बघायची आहेत, बाकी काही नको. बाबा गेल्यावर, शाळा सुटल्यावर, मी सकाळी उठून कशाची तरी वाट बघितली अशी ही पहिलीच गोष्ट आहे.

आई तुझी चौकशी करते. मी सांगितलंय, कामासाठी बाहेरगावी गेलाय.

ताई


बोरीवली
शनिवार, २० एप्रिल

देवू,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दोन महिन्यांनी दोन ओळी! ‘कुलूप बदल आणि चावी स्वतःच्या अंगावर ठेव. आईचे गुडघे कसे आहेत?’

मी ते कार्ड चार वेळा वाचलं. तू कांजूरमार्गला बसून मला सांगतोस कुलूप बदल. का? तुला काय माहीत की जुनी चावी कोणाच्या हाताला लागते? ‘अंगावर ठेव’ म्हणतोस, म्हणजे खिळ्यावर ठेवू नको. म्हणजे जो कोणी आहे तो घरात येऊन खिळ्यावरून चावी काढतो, आणि हे तुला ठाऊक आहे. तुला नाव माहीत आहे, देवू! आणि ते तू सांगत नाहीस. का वाचवतोयस त्याला? की तिला?

कुलूप मात्र बदललं. चावी एकच, माझ्या कमरेला. तेव्हापासून केस एकदाही तुटलेला नाही. बघ, होता ना माणूस!

पण त्या आठ दिवसांत बाकी सगळी वाट लागली, तेही सांगते. मी चेतनाला जिन्यात गाठलं आणि स्पष्ट विचारलं, माझ्या घरातून चावी उचलायला तू कोणाला पाठवतेस? ती पांढरीफटक पडली. मग जी सुटली! चारी मजले बाहेर. म्हणाली, तुम्ही सख्ख्या भावाला चोर ठरवलंत, आता आमची पाळी काय? दुसऱ्या दिवशी सोसायटीचं पत्र, पंधरा जुलैपर्यंत मागची खोली मोकळी करा.

गंधालीलाही विचारलं, अठराला नाशिकला होतीस त्याचं काही आहे का, म्हणजे तिकीट, फोटो. सरळच विचारलं, वाकडं नाही. तिने पर्समधून तिची चावी काढली, चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि म्हणाली, ‘पिल्लं निघायला लागली की फोन करा, त्यांच्यासाठी येईन.’ चहा तसाच ठेवून गेली. तूसुद्धा अशीच टेबलावर चावी ठेवली होतीस. माझ्या घरातून लोक चाव्या ठेवून निघून जातात, हे मला कळतंय, मी काही दगड नाही.

आणि आईने अबोला धरलाय. कुलूप बदललं त्या दिवसापासून. ‘घरातल्या घरात कुलपां? कोणाची भीती तुका?’ एवढंच म्हणाली. जेवते अर्धी भाकरी. दुपारी त्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसते आणि कुलपाकडे बघते. एकदा मला म्हणाली, ‘मरतली गो ती.’ मी म्हटलं, तू अपशकून बोलू नकोस. म्हातारपणी हे असंच होतं, त्यांना काही ना काही लागतं चिंता करायला.

गुडघे बरे आहेत. तेल लावते मी रोज.

नाव सांग, देवू. एक नाव.

ताई


बोरीवली
शनिवार, १५ जून

देवू,

हे पत्र तीन दिवस लिहितेय. सुरुवातच होत नव्हती.

बारा तारखेला सकाळी वरच्या पेटीत एक टरफल तडकलेलं दिसलं. आतून इवलंसं नाक बाहेर. मी स्टुलावर उभी राहून रडले रे, एकटीच. मग गंधालीला फोन केला. म्हटलं, बाई गं, मी जे बोलले ते विसर आणि ये. ती तासाभरात आली, विसरलेली नव्हती, पण आली. संध्याकाळपर्यंत वरच्या नऊपैकी सात बाहेर आली. पाठ कातड्यासारखी मऊ, रुपयाहून थोडी मोठी. तू असायला हवं होतंस.

खालच्या सतरातून एकही नाही.

दुसऱ्या दिवशी गंधालीने ती उघडली. मी शेजारी उभी होते. आत पिल्लं होती, वेगवेगळ्या वाढीची. काही डाळीएवढी, काहींना पाय फुटलेले. ती म्हणाली, ‘ही एका दिवसात मेलेली नाहीत. यांना कोणीतरी रोज फिरवत होतं. डिसेंबरापासून म्हणा.’ डिसेंबरात तर तू आठवड्यातून एकदा यायचास, रविवारी. रोज कुठे होतास?

मागून आईचा आवाज आला. भिंत धरत धरत ती दारापर्यंत आली होती. टेबलावरची ती उघडलेली अंडी बघून तिने कपाळावर हात मारला, आणि मला म्हणाली, ‘तुयांच मारलंस त्यांका. कुलूप घातलंस आणि मारलंस.’

मी म्हटलं, आई, काय बोलतेस?

आणि मग ती सांगत सुटली. दोन महिन्यांचा अबोला असा फुटला. ‘रवणीक बसलेली कोंबडी अंडी फिरयता, तुका म्हायत नाय? नाय फिरवली तर पिल्लू एका बाजूक चिकाटता आणि मरता. तू वाळूत ठेवलंस आणि इसारलंस. मगे कोण फिरवतला? मी दुपारी खूण खाली करी होतंय, दिवेलागणीक परत वर. येक दिवस चुकवक नाय.’ तिला वाटलं, पेन्सिलची फुली मी त्यासाठीच काढलीय, कुठलं अंडं फिरवून झालं ते कळायला. गावाला कोंबडी रवणीला, म्हणजे अंड्यांवर, बसवताना ती कोळशाने तशीच खूण करायची ना, आठवतं? आपण कितीतरी वेळा बघितलंय. मी सकाळी सातला झाकण काढायची तेव्हा फुली वर, आणि मी निर्धास्त. अकराला मी गेले की कॅलेंडरमागची चावी घ्यायची, भिंत धरत जायचं, सतरा अंडी हळूच उलटायची. गुडघे तसे असताना. पाचला मी दुसऱ्या बॅचला गेले की पुन्हा.

मी विचारलं, दारावर पाटी लावली होती मी, हात लावू नये अशी, वाचली नाहीस? तर म्हणते, ‘ती पाटी भायल्यांका. मी काय भायली?’

सोसायटीत सगळ्यांना सांगितलं मी, वॉचमनला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही आणि का ते. आईला सांगायचं मला सुचलंही नाही. तिला काय कळणार, असं वाटलं असेल. चार महिने मी सगळ्या बोरीवलीवर संशय घेतला आणि चंद्रप्रकाश बिचारा तोंडावर सांगत होता, माताजी बैठती हैं.

गंधाली काहीतरी बोलायला तोंड उघडत होती. मी तिच्याकडे बघितलं, ती थांबली.

मी आईला विचारलं, वरची नऊ? म्हणाली, ‘वरची माझ्या हाताक गावाक नाय. ती देवान राखली.’ आणि मग, अगदी सहज, मला पाणी मागावं तसं, ‘देवून माका बगल्यान त्या दिवशी. तो म्हणालो, आये, आता पुरे, परत हात लावू नको. आणि ताईक सांगू नको. पण त्याका काय कळता रवणीतला? बापयमाणूस तो.’

म्हणजे तुला माहीत होतं. अठरा तारखेला तू दारात उभा होतास तो आईला नुकतंच बाहेर पाठवून. मी किंचाळत होते, पुढे टीव्ही चालू होता, आणि तू एकदाच म्हणालास, मी काही केलं नाही. पुढचं वाक्य गिळलंस. तू का गिळलंस तेही मला कळलंय, कोणी सांगायला नको. गेल्या वर्षी तिच्याकडून गॅस चालू राहिला तेव्हा मी तिला कशी फैलावर घेतली, तू इथेच होतास. चार दिवस ती स्वयंपाकघरात पाय ठेवायला घाबरत होती. स्वतःच्या घरात. तुला तेच पुन्हा नको होतं. सतरा पिल्लं तिच्या हातून गेली हे मी तिला कसं ऐकवलं असतं, ते माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक होतं.

ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी, आणि राग. माझ्या लेकीने सतरा जीव मारले, असा राग. आयुष्यात मी कधी न केलेल्या गोष्टीचा ठपका घेतला नाही, बाबांचा मारही खाल्ला त्यापायी. पण देवू, मी म्हटलं, ‘हो गं आई. माझंच चुकलं. कुलूप घालायला नको होतं.’

मग तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, ‘ऱ्हवांदे. सात तरी आसत.’ आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.

आता माझं एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, भंडाऱ्याच्या लोकांना कोणी कळवलं मला ठाऊक नाही. मीच कळवलं. तक्रारीची झेरॉक्स मी स्वतः पोस्टात टाकली, वीस फेब्रुवारीला, सकाळी सव्वादहा वाजता. तुझ्या हाताखाली नदीकाठची शेकडो घरटी येणार होती, म्हणून माझं कर्तव्य समजून. असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर तू भांडला नाहीस त्याचा राग होता मला.

अनब्लॉक करू नकोस. एवढ्यात नको. मला अजून काही करायचंय, ते झालं की लिहीन.

ताई


बोरीवली
रविवार, ३० जून

देवू,

सोबत एक झेरॉक्स जोडली आहे. आधी ती वाच. मूळ कागद मी शुक्रवारी वनखात्यात नेऊन दिला, दुसरी प्रत भंडाऱ्याला पोस्टाने गेली, तिसरी मी चेतनाला नेऊन दाखवली. ती दारात उभी राहून पूर्ण वाचून झाल्यावर म्हणाली, ‘बसा, चहा टाकते.’ खोली मात्र पंधरा जुलैलाच हवीय तिला.

त्यात मी आईचं नाव घातलेलं नाही. लिहिलंय की खोली माझ्या ताब्यात होती, चावी मी खिळ्याला उघडी ठेवत होते, आणि घरातल्या माणसांना जे समजावून सांगायचं ते मी सांगितलं नाही, त्यामुळे सतरा अंडी फिरवली गेली. देवदत्तवर केलेला आरोप खोटा होता आणि तो मी काहीही न तपासता केला. यातलं एकही वाक्य खोटं नाही, तू तपासून बघ. तिथल्या साहेबांनी विचारलं, फिरवली कोणी? मी म्हटलं, जबाबदारी माझी, माझंच नाव लिहा. त्यांनी चष्म्यावरून बघितलं माझ्याकडे. माझ्यासारखेच असावेत, मानेवरून ओळखणारे. पण पुढे विचारलं नाही.

माझं नाव परवानगीतून काढलंय. मीच मागणी केली होती, पण त्यांनी नको म्हटलं नाही. तुझं परत घातलंय. भंडाऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल असं मी म्हणत नाही, त्या जागेवर त्यांनी एव्हाना दुसरं कोणी घेतलं असेल. ते मी तुला परत आणून देऊ शकत नाही, कितीही कागद लिहिले तरी. कुंपण घातलं असतं तर सव्वीस निघाली असती की शून्य, कोणास ठाऊक, पण तुझं ऐकायला तरी हवं होतं मी.

सात जणं छान आहेत. मोठ्या टबात ठेवलीत, मी लांबूनच बघते, आता मला हात लावायची परवानगी नाही. गंधाली रोज येते. त्यातलं एक जरा मंद आहे, खायला उशिरा येतं.

मुलुंडच्या तलावाचं काम संपलंय. वरच्या टोकाला लव्हाळी आणि चिखल तसाच ठेवलाय, तिथे सोडायला साहेबांनी होकार दिलाय. येता रविवार, सात तारीख, सकाळी आठला. सोडणाऱ्याचं नाव कागदावर असावं लागतं, सही लागते. गंधाली टब सांभाळेल. दुसरं नाव तुझंच आहे. तू आला नाहीस तर पुढची तारीख मिळेपर्यंत ती टबातच राहतील, आणि पंधराला टब ठेवायला जागा नाही. हे मी तुला अडकवायला लिहीत नाही. बरं, थोडंसं त्यासाठीच लिहितेय.

आई येणार आहे. हट्ट धरून बसलीय, रिक्षाही ठरवून ठेवलीय. तिला सांगितलंय मी, तू बाहेरगावाहून परस्पर तिथे येशील. ती तुला सगळं सांगेल, अंडी कशी फिरवायची, किती वेळा, ताईने कुलूप घालून कसा घोळ केला. साहेबांनाही सांगेल, गप्प बसायची नाही ती. देवू, तिला दुरुस्त करू नकोस. ऐकून घे. मी फाटकाबाहेर उभी राहीन, माझ्याकडे बघायलाच हवं असं नाही.

तिने मला माफ केलंय रे, त्याच दिवशी, त्या कुलपासाठी. तुझ्याबाबतीत मी जे केलं ते तिला माहीतही नाही, तेव्हा ती माफी तिच्याकडून मिळायची नाही. ती तुझ्याकडेच मागायला हवी आणि मी मागतेय. येशील का रे?

तुझी
ताई